फळे खा, पण लक्ष देऊन!

"डॉक्टर, जिलेबी, लाडू, श्रीखंड सारे बंद केले. रात्री जेवणानंतर फक्त फळे खाते. तरी साखर वाढते कशी?" पन्नाशीच्या एका गृहिणीने तपासणीचा कागद पुढे ठेवत विचारले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.१ वरून ६.७ टक्क्यांवर गेला होता. ६.५ च्या पुढे मधुमेह धरला जातो, म्हणजे बाईंनी उंबरठा ओलांडला होता.

"फळे म्हणजे नेमके काय?" मी विचारले.

"फ्रूट सॅलड. मालिका बघता बघता एक-दोन वाट्या."

"एक की दोन?"

बाई ओशाळून म्हणाल्या, "खरे सांगू? पातेलेच जवळ असते. किती खाल्ले ते कळतच नाही."

वाचकहो, दुखणे या शेवटच्या वाक्यात आहे.

आधी हिशेब पाहू. फ्रूट सॅलडच्या एका वाटीत साधारण १०० मिलिलिटर दूध, तीन चमचे साखर, अर्धे केळे आणि थोडी द्राक्षे-सफरचंद धरले, तर सुमारे २०० कॅलरी होतात. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचे पीठ, त्याची भर वेगळीच. अशा दोन वाट्या म्हणजे जवळजवळ चार साध्या पोळ्या, त्याही पोटभर जेवणानंतर! शिकरण आणि साखर घातलेल्या आमरसाचीही हीच कथा. फळ हलके असते. त्याला जड करतो तो आपला साखरेचा डबा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. मध आणि फळांचा रसही यातच मोजला जातो. अख्ख्या फळातली साखर मात्र यात धरत नाहीत. फळ चावून खाताना चोथा पोटात जातो, वेळ लागतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

आता लक्षाविषयी. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पूर्णपणे पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मऊ, गार, गोड पदार्थ तर पाच मिनिटांत संपतो. त्यात डोळे टीव्हीवर किंवा मोबाईलवर असले की हात आपोआप चालत राहतो. लक्ष दुसरीकडे ठेवून खाणारी माणसे त्या वेळी जास्त खातातच, शिवाय पुढच्या खाण्यालाही जास्त खातात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक प्रयोगांच्या आढाव्यात दिसून आले. आपल्याकडे चरकसंहितेतही बडबड व हसणे टाळून, मन लावून जेवावे असे सांगितले आहे. पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालण्याच्या रिवाजातही जेवणाआधी क्षणभर थांबणे होतेच.

हलकी फळवाटी : पपईच्या फोडी (सुमारे १०० ग्रॅम), अर्धे संत्रे, दोन चमचे घट्ट दही, चिमूटभर वेलदोडा पूड. साखर नको. हे सारे १०० कॅलरींच्या आतबाहेर बसते. हंगामाप्रमाणे पेरू किंवा कलिंगड घ्यावे. आंबा घेतल्यास तीन-चार फोडी, रस नव्हे.

खाताना :

१. लहान वाटीत वाढून घ्यावे. भांडे लगेच झाकून आत ठेवावे.

२. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. बसूनच खावे.

३. पहिले तीन घास गप्प राहून खावे. वास, गारवा, आंबटगोड चव जाणवू द्यावी.

४. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवावा.

५. अर्धी वाटी झाली की स्वतःला विचारावे, "अजून भूक आहे, की नुसती सवय?"

वाचायला हे सोपे वाटते, पण करायला कठीण आहे. मी स्वतः वर्तमानपत्र वाचता वाचता केळे संपवतो आणि साल हातात उरल्यावर जागा होतो. म्हणून एक दिवस चुकले तर "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नये. पुढच्या घासापासून पुन्हा सुरुवात करावी.

मधुमेहींनी फळाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय फळे वाढवू नयेत.

त्या बाईंना मी औषध, रोजचे चालणे आणि ही लहान वाटी असे तिन्ही सांगितले. महिन्याने त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, पपईला इतका छान वास असतो हे मला माहीतच नव्हते!" त्यांची पुढची तपासणी व्हायची आहे. पण पातेले आता स्वयंपाकघरातच राहते, ही सुरुवात काही लहान नाही.