आजचं चिंतन : वेदांमध्ये सामवेदच का? (गीता 10.22)



आज दहाव्या अध्यायातला 22 वा श्लोक. आपल्या विभूती सांगताना भगवंत अर्जुनाला म्हणतात की वेदांमध्ये मी सामवेद आहे. मला नेहमी प्रश्न पडायचा, मान ऋग्वेदाचा नाही का? सामवेदातल्या बहुतेक ऋचा तर ऋग्वेदातल्याच. आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट! मग नवीन काय? गायन. शब्द तेच, पण सुरात.

या एका फरकाचं मोल मला घरातच कळलं.

बाबा तीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने सीएसटीला गेले. सेंट्रल लाइनवाल्यांना डब्यातली भजनी मंडळं सांगायला नकोत. टाळ, ढोलकी, नाहीतर पत्र्यावर ठेका. बाबा त्यातलेच. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. जीव वाचला, उजवा हात हळूहळू हलू लागला, पण वाचा गेली. याला अफेझिया म्हणतात. समजायचं सगळं, पण 'पाणी' एवढा शब्दही ओठांवर येईना. शब्द सापडला नाही की ते डोळे मिटून घ्यायचे. बघवायचं नाही.

एका एकादशीला त्यांचे ट्रेनमधले दोन मित्र घरी आले. काय बोलावं कुणालाच सुचेना. शेवटी एका काकांनी पिशवीतून टाळ काढले आणि हरिपाठ धरला. तिसऱ्या अभंगाला बाबांचा आवाज आला. शब्दांसकट! आई हातात उलथणं घेऊनच बाहेर धावली.

मी चमत्कार म्हणालो. स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, आम्ही हे पाहतो. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतात. गाण्यात उजवी बाजूही मोठा भाग घेते. म्हणून बोलता न येणारे काही पेशंट पाठ असलेलं गाणं म्हणू शकतात. यावरूनच बोस्टनच्या तज्ज्ञांनी 1973 साली 'मेलॉडिक इंटोनेशन थेरपी' मांडली. रोजचे छोटे शब्द सुरात म्हणायचे, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग सूर हळूहळू कमी करत जायचा.

पण एक स्पष्ट सांगतो. भजन म्हणता आलं म्हणजे वाचा परत आली असं नाही. हरिपाठ संपला आणि बाबा पुन्हा गप्प. 'पाणी' यायला पुढे चार महिने रोजचा सराव लागला, आणि पहिल्यांदा आलं तेही सुरातच. आजही वाक्यं अर्धीच राहतात. म्हणून 'औषधं सोडा, फक्त नाम घ्या' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर आधी हॉस्पिटल गाठा. नामस्मरण रिक्षात बसून करा.

बाबांनी हरिपाठ काही आजारपणासाठी पाठ केला नव्हता. गर्दीत, घामात, आनंदासाठी रोज म्हटला होता. बाकी सगळं अडलं तेव्हा आतून तोच वर आला. आपल्या प्लेलिस्टमध्ये भजनं भरपूर असतात, पण ती आपण फक्त ऐकतो. म्हणतो का?

आजचा अभ्यास : एक अभंग निवडा, इयरफोन काढा आणि स्वतःच्या आवाजात म्हणा. बेसूर झाला तरी चालेल. रोज तोच म्हणा, पाठ होईपर्यंत.

राम कृष्ण हरी.