शाखा निवडण्याआधी वीस आकड्यांचा एक प्रोग्राम

बारावीनंतर कॉम्प्युटर शाखा घ्यायची का, या प्रश्नावर घरात आधी कटऑफ पाहिला जातो, मग पॅकेजची चर्चा होते. मुलाला हे काम रुचेल का, हे मात्र तपासलंच जात नाही, आणि ते तपासणं फार अवघड नाही. हार्वी आणि पॉल डायटेल यांच्या ‘सी हाऊ टू प्रोग्राम’ या पाठ्यपुस्तकात एक स्वाध्याय आहे. वापरणाऱ्याकडून १० ते १०० मधले २० आकडे घ्यायचे, आधी येऊन गेलेला आकडा पुन्हा छापायचा नाही, आणि शक्य तितका लहान ॲरे, म्हणजे आकडे साठवायच्या जागांची रांग, वापरायचा. प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलांनी हा प्रोग्राम स्वतः लिहून पाहावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

यात गणित म्हणाल तर ‘समान आहे की नाही’ एवढंच. नवा आकडा साठवलेल्या प्रत्येक आकड्याशी ताडायचा आणि जुळला नाही तरच ठेवायचा. तरीही नवशिके इथे हमखास अडतात. आकडा नाकारला तरी लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांचा, गणक पुढे सरकतो आणि ॲरेत मध्येच न भरलेली जागा राहते. किंवा भरलेल्या भागाऐवजी अख्खा ॲरे तपासला जातो. जावात पूर्णांकांचा नवा ॲरे शून्यांनीच भरलेला असतो, त्यामुळे शून्य चालणाऱ्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदा आलेलं शून्यही दुबार ठरतं. आकडे किती वेळा मागितले आणि जागा किती भरल्या, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, हे उमगलेलं नसतं. मूल इथे वैतागून उठतं की कागदावर एकेक पायरी मांडत बसतं, हे मार्कांहून जास्त बोलकं आहे. आणि लहानात लहान ॲरे किती जागांचा? १९. विसावा आकडा ताडावा लागतो, पण त्याच्यामागून कोणी येणार नसल्यानं साठवावा लागत नाही. हे सुचल्यावर ज्याचा चेहरा खुलतो, त्याच्या पालकांनी निम्मी काळजी सोडून द्यावी.

दुबार आकडे आपोआप गाळणारा सेट पायथनमध्ये आहे, जावात हॅशसेट आहे, एआय तर सगळा कोड क्षणात देतं. मग हा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि नोकरीत सेटच वापरावा. एकेक ताडत गेल्यास २० आकड्यांना जास्तीत जास्त १९० तुलना पुरतात. १ लाख आकड्यांना त्या ५०० कोटींच्या घरात जातात. पण हॅशसेटमध्ये आकडे आले त्या क्रमानं राहतीलच असं नाही, हे ठाऊक नसेल तर एआयचं उत्तर तपासणार कसं? शिवाय ‘समान’ कशाला म्हणायचं, ते माणसालाच ठरवावं लागतं. ‘बोऱ्हाडे’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतानं लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर नाव तेच, सेटच्या लेखी मात्र नावं दोन. रुग्णालयाच्या यादीत असं झालं, तर एकाच रुग्णाचे दोन केसपेपर तयार होतील.

एका स्वाध्यायावर करिअर ठरवायचं का? मुळीच नाही. पहिल्या आठवड्यात जमलं नाही म्हणून कोणी बाद होत नाही. महिनाभर सवड द्यावी. पालकांना कोड कळायलाही नको. शेजारी बसून एवढंच विचारावं: ४२ दोनदा दिले तर? वीसच्या वीस आकडे सारखेच दिले तर? आकड्याऐवजी अक्षर टाइप झालं तर? उत्तर येत नसूनही मूल ते शोधायला पुन्हा कीबोर्डकडे वळलं, तर अर्जात कॉम्प्युटर शाखा बिनधास्त वर टाकावी. महिनाभरानंतरही प्रत्येक प्रश्न त्याला जाच वाटत असेल, तर दुसऱ्या शाखांची माहिती काढायला तेव्हाच लागावं.