जोडावरून इंजिनाचे कूळ ठरवू नये

केदारखेड्याला आगगाडी नाही; मोटारीने जालना गाठावे, तेथून मीटरगेजने मनमाड, आणि मनमाडला ब्रॉडगेजच्या गाडीत बसावे, असा आमचा मुंबईचा प्रवास कैक वर्षे चालला, आणि मनमाडच्या त्या सक्तीच्या मुक्कामात यार्डातील शंटिंग न्याहाळण्याचा जो छंद मास्तरकीच्या ऐन उमेदीत मला जडला, त्यानेच पुढे माझ्या हातून एक खोटी नोंद छापून घेतली.

कुर्ल्याला एका सुटीत मी शंटिंगच्या एका ठेंगण्या डिझेल इंजिनाचे छायाचित्र अगदी समोरून घेतले. मध्यभागी डबे जोडण्यासाठी अर्धवट मिटल्या मुठीसारखा पोलादी जबडा होता. असा जोड अमेरिकेत रूढ आहे हे मी वाचले होते, आणि 1944-45 च्या सुमारास तेथल्या जनरल इलेक्ट्रिककडून अशी इंजिने हिंदुस्थानात आली हेही मला ठाऊक होते. या दोन खऱ्या गोष्टींची सांगड घालून एका स्मरणिकेत मी ‘अमेरिकन इंजिन’ असा मजकूर बेधडक दिला.

ती वाचून एक सेवानिवृत्त सांधेवाले घरी आले आणि चित्रावर बोट टेकवून म्हणाले, “गुरुजी, जबड्यात ही साखळी कशाला लोंबतीय? अन् दोन अंगांचे हे बफर?” मी निरुत्तर झालो, कारण भिंग लावून पाहिले तेव्हा जबड्यात अडकवलेली स्क्रूची साखळी लख्ख दिसत होती.

युरोपात आणि आपल्या जुन्या डब्यांवर मध्ये आकडा व दोन बाजूंना बफर असत. सांधेवाला बफरांखालून वाकून आत शिरे, कडी समोरच्या आकड्यावर टाकी आणि बफर एकमेकांना टेकेपर्यंत स्क्रू आवळी. पुढे मोठ्या मालवाघिणींना धक्क्यासरशी आपोआप मिटणारा मधला जोड बसू लागला, आणि यार्डातल्या इंजिनाला तर दोन्ही प्रकारचे डबे ओढणे भाग असल्यामुळे त्याच्या तोंडावर उभयपक्षी तजवीज करण्यात आली. जोडावरून इंजिनाला काय ओढावे लागते ते कळते. त्याच्या जन्मगावाचा दाखला तेथे मिळत नाही.

माझे इंजिन ‘डब्ल्यूडीएस 4’ वर्गाचे निघाले: पहिले अक्षर ब्रॉडगेजचे, दुसरे डिझेलचे, तिसरे शंटिंगचे. चित्तरंजनच्या कारखान्यात 1968 पासून बांधलेल्या या वर्गाचे कूळ जर्मनीतील कील शहराच्या माक कारखान्याकडे जाते. कुर्ल्यालाच 1954-55 च्या सुमारास क्राउस-माफाई या दुसऱ्या जर्मन कारखान्याची इंजिने आली होती, म्हणजे माझी चूक दुहेरी घडण्यासही वाव होता!

म्हणून ज्यांना हा छंद आहे त्यांना माझी विनंती अशी, की छायाचित्र आधी बाजूने घ्यावे, कारण वर्गाची अक्षरे तेथे रंगवलेली असतात, आणि आसांची संख्या व चाकांना जोडणारे आडवे दांडे आहेत की नाहीत हेही तेथूनच दिसते. मग कारखान्याची धातूची पाटी वाचावी, आणि जोडाची नोंद सर्वांत शेवटी, निराळ्या रकान्यात करावी. जोड जवळून पाहण्यासाठी मात्र रुळांत उतरू नये. शंटिंग चालू असताना दोन बफरांमध्ये सापडलेला माणूस वाचत नाही.