पोरी, आधी शून्य नीट धर

दिल्लीत गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि आता झाशीला सदर बाजारातल्या घरीच सेन्सरचे पट्टे बांधून व्यायाम करायचा, आकडे ॲपवरून डॉक्टरांकडे जाणार, हे उत्तम झालं. एवढ्या-तेवढ्यासाठी सुमारे ४०० किलोमीटरचा हेलपाटा नको. पण मावशीचं ऐक. माझा जन्म लोकांचे गुडघे वाकवण्यात गेलाय.

एक पट्टा मांडीवर, एक नडगीवर. दोन्हींतले सेन्सर आपापला कल मोजतात, त्या दोन कलांतला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. म्हणून पट्टे बांधल्यावर पाय सरळ करून शून्य धरतात, तिथे घाई नको. गुडघा १० अंश वाकलेला असताना शून्य धरलंस, तर यंत्र त्यालाच सरळ मानतं आणि तिकडे डॉक्टर निर्धास्त होतात. इथल्या फिजिओकडून अधूनमधून कोनमापकाने मोजून घे आणि तो आकडा ॲपच्या आकड्यासोबत पाठव.

वाकण्याचा आकडा ९०, ११० झाला की घरभर कौतुक होतं. मला मात्र सुरुवातीला पाय पूर्ण सरळ झालेला हवा. ते राहिलं तर आत वण घट्ट होतो आणि लंगडणं अंगवळणी पडतं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघा मोकळा सोड. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं नाही, कितीही बरं वाटो.

झाशीच्या उन्हाळ्यात घामाने पट्टा घसरतोच. कातडीवर पेनाने खूण कर, पुसून कोरडं करून तिथेच बांध. काही सेन्सरांत होकायंत्रही असतं, ते लोखंडी पलंगाजवळ भरकटतं. व्यायाम लाकडी दिवाणावर कर.

सूज त्या यंत्राला दिसत नाही. रोज संध्याकाळी टेपने गुडघ्याचा घेर मोजून लिही. पोटरी गरम, दुखरी झाली किंवा धाप लागली, तर ॲपमध्ये निरोप लिहीत बसू नकोस, तडक मेडिकल कॉलेजची इमर्जन्सी गाठ.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

ध्यानचंदांच्या गावची तू, मैदान खुणावणारच. पण कोन लवकर परततो, मांडीची ताकद फार मागून येते, आणि बसवलेला लिगामेंट मधले काही महिने उलट नाजूकच असतो. ॲपवर सगळं हिरवं दिसलं तरी ९ महिन्यांआधी, आणि दोन्ही पायांची ताकद तपासून घेतल्याशिवाय, सामना खेळायचा नाही.