मनगटावर लाखभर बांधण्याआधी

आधीच सांगते, मी तुला अडवायला बसलेली नाही. स्वतःच्या कमाईतून चांगलं घड्याळ घ्यावंसं वाटलं तर ती उधळपट्टी नव्हे. आपल्या घरात आप्पांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, तेव्हा तुला ती ओढ असणारच. त्यांच्या बाकाशेजारी बसून जे शिकले आणि पुढे दुकान सांभाळताना जे पाहिलं, ते तुझ्या स्वाधीन करते. घ्यायचं की नाही, ते तू ठरव. माझं सांगणं एवढंच की घेशील तर हौस म्हणून घे, दुसरी कुठली सबब पुढे करून घेऊ नकोस. सबबीवर घेतलेलं घड्याळ दोन वर्षांत कपाटात जातं, मग विकायला येतं. अशी घड्याळं घेऊन आलेल्या माणसांशी मी दुकानात तासन्‌तास बोलले आहे.

अचूक वेळेची सबब तर पहिल्यांदा काढून टाक. सेलवर चालणाऱ्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ते घड्याळ महिन्याला फार तर पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होतं. महागड्या यांत्रिक घड्याळातलं बॅलन्स चक्र बहुधा तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी नावाची संस्था अशी मशीनं तपासून क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते. तिच्या नियमात दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकं चालतं. म्हणजे दहा दिवसांत मिनिटभर पुढे गेलेलं घड्याळसुद्धा उत्तीर्णच. सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. जपानात तेवढ्यात छोटी मोटार येत असे. त्या काळी अचूकपणाच महाग होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो इतका स्वस्त झाला की स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बसले, आणि क्वार्ट्झच्या त्याच रेट्यात पुढे आपली एचएमटीही मागे पडली.

तरीही यांत्रिक घड्याळं टिकली, याचं कारण समजून घे. गुंडाळलेली एक स्प्रिंग सुटत असते. ती एकदम सुटू नये म्हणून एस्केपमेंट तिला क्षणाक्षणाला अडवते आणि सोडते. त्या अडवण्याचाच टिकटिक आवाज. शंभरावर सुटे भाग, त्यांतले कित्येक भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि सेल नाही, वीज नाही. चांगल्या घड्याळात झाकणाआडच्या, कुणाला न दिसणाऱ्या भागांच्या कडाही घासून चकचकीत केलेल्या असतात. हे काम आवडलं म्हणून पैसे मोजणं मला पूर्ण पटतं. पण तुला खरंच तेच आवडलंय, की तबकडीवरचं नाव आवडलंय, हे आधी स्वतःपाशी नक्की कर.

दुसरी सबब गुंतवणुकीची, आणि हल्ली हीच जास्त ऐकू येते. रोलेक्सची किंमत वाढतेच, असं तुझ्या ऑफिसातला कुणीतरी सांगत असेल. काही मॉडेलांची वाढली, हे खरं आहे. २०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला स्टीलची डेटोना, पाटेक फिलिपची नॉटिलस अशी घड्याळं दुकानातल्या किमतीच्या कितीतरी पट भावाने हातोहात विकली जात होती. २०२२ मध्येच भाव उतरायला लागला, आणि जे शेवटी घुसले ते अडकले. बाकीच्या बहुतेक ब्रँडची घड्याळं दुकानाबाहेर पडली की लगेच किंमत गमावतात. लोक पॉल न्यूमनच्या डेटोनाचं उदाहरण देतात. न्यूयॉर्कला २०१७ साली ते लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. पण ते घड्याळ त्या नटाला बायकोने भेट दिलं होतं, त्याने ते वर्षानुवर्षं वापरलं, मग मुलीच्या मित्राकडे घड्याळ नाही म्हणून त्याला देऊन टाकलं. तसली तबकडी त्या काळी दुकानात पडून राहायची. पैसा त्या मनगटाचा आला. आपलं मनगट आपलंच आहे.

आई म्हणेल, त्यापेक्षा पाडव्याला सोनं घे. तिचं चूक नाही, पण ती वेगळ्या खात्यातली गोष्ट बोलतेय. सोनं ही बचत आणि घड्याळ हा खर्च. सोन्याचा वाटा आधी बाजूला काढ, मग घड्याळाचं बघ. आणि सोन्याच्या केसचं घड्याळ घेतलं की दोन्ही साधलं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. सराफ फक्त वजनाचे पैसे देईल, आणि ते वजन बिलाच्या मानाने फार थोडं असतं.

ऑफिसात वजन पडावं म्हणून घेणार असशील तर नको. ज्यांना घड्याळातलं कळतं ते मोजके, आणि त्यांना तू ते का घेतलंस हेही कळतं. पुढच्या पिढीसाठी म्हणून घेऊ नये, असंही माझं मत आहे. मुलांना काय आवडेल ते आज कुणी सांगावं? तू रोज वापरलंस तर ते आपोआप त्यांचं होईल. लॉकरमध्ये ठेवलेल्या घड्याळाचं तेल मात्र सुकतं.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगते. चावीचं एक साधं घड्याळ आधी वापरून बघ. जुनी एचएमटी जनता मिळाली तर उत्तम. सरकारने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला कारखाना उभारला, त्यातून ही १७ ज्वेलची घड्याळं निघाली आणि मास्तरांपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या मनगटावर दिसू लागली. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला, म्हणून आता बहुधा जुनीच शोधावी लागतात. काही हजारांत काम होतं. रोज सकाळी चावी दे. चार दिवस विसरलीस, बंद पडलं, पुन्हा वेळ लावावी लागली, याचा तुला कंटाळा येतो का, की त्यातच मजा वाटते? दोन-तीन महिन्यांत उत्तर मिळेल. कंटाळा आला तर लाखो रुपये वाचले. एखादं सुरेख क्वार्ट्झ घे आणि सुखाने राहा, त्यात कमीपणा काही नाही. जनता घेताना मात्र एक ध्यानात ठेव. कोऱ्या करकरीत, भडक रंगाच्या तबकडीची ‘जुनी’ एचएमटी किंवा फाव्हर-ल्युबा दिसली तर ती नव्याने रंगवलेली, चार घड्याळांचे भाग एकत्र करून बसवलेली असते. जगभरच्या शौकिनांत तिला मुंबई स्पेशल असंच नाव पडलंय.

त्याच महिन्यांत पैशाचंही बघ. वेगळं आवर्ती खातं उघड आणि घड्याळाच्या किमतीचा हप्ता दर महिन्याला स्वतःकडे भर. मध्येच ते पैसे फ्रीजसाठी, प्रवासासाठी काढावेसे वाटले तर ती हौस तुझी नव्हे. आरोग्य विमा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय हे खातंच उघडू नकोस. दुकानातला बिनव्याजी हप्ता घेऊ नकोस, रोख भावात जी सूट मिळाली असती ती त्यात बहुधा जिरलेली असते. आणि स्वतःला एक प्रश्न विचार, मी हा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असे: हे घड्याळ उद्या लोकलच्या गर्दीत गेलं तर तू चार दिवस हळहळशील, की वर्षभर घर बिथरेल? वर्षभर असेल तर त्याच्या निम्म्या किमतीचं बघ.

किंमत बिलावर संपत नाही, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. यांत्रिक घड्याळ पाच ते दहा वर्षांतून एकदा पूर्ण खोलून, धुऊन, नवं तेल घालून जुळवावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला साध्या तीन काट्यांच्या ऑटोमॅटिकलाही पाच आकडी बिल होतं, क्रोनोग्राफला त्याहून बरंच जास्त, आणि घड्याळ परत यायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून घेण्याआधीच त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर भारतात कुठे आहे आणि आजचा दर काय, हे लेखी विचार. दर ऐकून घेण्याचा बेत रद्द केलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांनी शहाणपणाच केला.

दुकानात गेलीस की तुला लेडीज ट्रेकडे नेतील. तिथे बहुतेक क्वार्ट्झ मशीनवर हिरे बसवलेले असतात आणि किंमत हिऱ्यांची असते. तुला मशीन हवं असेल तर ठाम सांग. ३६ मिलिमीटरचं घड्याळ एके काळी पुरुषांचं नेहमीचं माप होतं, ते तुझ्या हातावर छान बसेल. तबकडीच्या व्यासापेक्षा वरच्या पट्ट्याच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी बघ. शिंगं मनगटाबाहेर जाता कामा नयेत. अर्धा तास हातात ठेव, टेबलावर हात टेकवून टाइप कर, आरशात लांबून बघ. त्या दिवशी विकत घेऊ नकोस. दोन आठवड्यांनी पुन्हा जा. हे मॉडेल हवं तर आधी ते दुसरं घ्या, असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पड.

उपयोगातून जन्मलेली घड्याळं मला जास्त आवडतात, तुलाही कदाचित आवडतील. जेजेर-लकूल्त्रची रिव्हर्सो बघ. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातले गोरे अधिकारी पोलो खेळताना काचा फोडून घेत, म्हणून १९३१ मध्ये केस उलटी फिरवून काच आत लपवता येईल असं हे घड्याळ निघालं. कशासाठी केलं ते ठाऊक असलं की घड्याळ जुनं वाटत नाही.

बिल पक्कं घे. विक्रेत्याने दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने मना आहे, तेव्हा रोखीत स्वस्त देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे आयकर, वसूल करतो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, म्हणून पॅन बरोबर नोंदवून घे. स्वित्झर्लंडसह युरोपातल्या काही मुलखांशी झालेला ईएफटीए करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतंय. तेव्हा ‘आजच घ्या, उद्या महाग’ या घाईला बळी पडायचं कारण नाही. दुबईहून किंवा जिनिव्हाहून आणणार असशील तर विमानतळावर लाल मार्गाने जाऊन शुल्क भर. ते धरून हिशेब कर, मग सांग स्वस्त पडलं का.

सांभाळायचं थोडक्यात. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं, पोहायला नव्हे. आपल्या पावसाळ्यात काचेआतून धुकं दिसलं तर त्याच दिवशी दुरुस्तीला दे, उन्हात ठेवू नकोस. रबरी सील दर काही वर्षांनी बदलायला लागतात. घामाच्या महिन्यांत चामड्याचा पट्टा काढून स्टीलचा किंवा रबरी लाव. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये तारीख बदलू नकोस, तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात. घड्याळ अचानक रोज मिनिटभर पुढे पळायला लागलं तर घाबरू नकोस, पर्सच्या चुंबकी बटणाने किंवा फोनच्या स्पीकरने हेअरस्प्रिंग चुंबकित झाली असेल. ते काढायला घड्याळजीला पाच मिनिटं लागतात. ओरखडे पडले म्हणून दर वेळी पॉलिश करून घेऊ नकोस, केसच्या कडा झिजून जातात. मागचा नंबर, बिल आणि फोटो वेगळे जपून ठेव, आणि घराच्या विम्यात घड्याळ वेगळं नोंदवलंय का ते पॉलिसी उघडून वाच.

सेकंडहँड घेणार असशील तर ते माझ्या मते वाईट नाही, उलट पहिली घसरण दुसऱ्याने सोसलेली असते. पण डबा आणि कागद खरे असले तरी आतलं मशीन खरं असेलच असं नाही. कागदावरचा नंबर केसवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळव. पैसे देण्याआधी घड्याळ माझ्याकडे आण. टाइमिंग मशीनवर ठेवायचं, मागचं झाकण उघडायचं, भिंगाखाली मशीनमधल्या पुलांवरचे (ब्रिजांवरचे) शिक्के बघायचे, यात अर्धा तास जातो. विकणारा झाकण उघडू द्यायला नाही म्हणाला तर भाव कितीही चांगला असो, तिथून ऊठ.