आधी पाणी पाहा, मग साबण

कोकणातल्या आमच्या विहिरीच्या पाण्यात साबणाची वडी नुसती फिरवली तरी फेस मावत नसे. संभाजीनगरला बिऱ्हाड केलं आणि बोअरचं जड पाणी वाट्याला आलं. वडी झिजायची, पण फेस येईना. बादलीच्या कडेला राखाडी, चिकट साका बसायचा. वाळलेले टॉवेल पापडासारखे कडक. शेवटी डिटर्जंट पावडर आणली. कपडे स्वच्छ निघाले, पण थंडी सुरू झाली तशा बोटांना भेगा पडल्या. कणीक मळताना मीठ लागलं की जीव कळवळायचा.

फेस न येणं आणि भेगा पडणं, दोन्हींचं कारण वेगळं. साबण बनतो तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोड्यापासून. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. डिटर्जंटमधली रसायनं बहुतेक पेट्रोलियमपासून केलेली. त्यांचा असा साका होत नाही, म्हणून बोअरच्या पाण्यातही मळ काढतात. पण कपड्याचं तेल काढता काढता ती हाताचंही काढतात. पावडरमधला धुण्याचा सोडा कातडी आणखी कोरडी करतो.

नव्या गावी गेलात तर आधी पाणी तपासा. बाटली अर्धी भरा, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकून जोरात हलवा. फेस टिकला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी हलकं. पाणी दुधाळ होऊन वर साका तरंगला तर जड. ही परीक्षा डिटर्जंटने होत नाही.

जड पाण्यात कपड्यांना डिटर्जंट वापरा, पण पाकिटावर लिहिलंय तेवढंच. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. हातमोजे घाला, धुणं झालं की हाताला खोबरेल लावा. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं; तीव्र पावडर, त्यातही एन्झाइमवाली, त्यांना खाते. त्यांच्यासाठी रिठ्याचं पाणी किंवा सौम्य द्रव बरा. जरीची साडी मात्र ड्रायक्लीनलाच द्या.

अंगाचा साबण घेताना वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांशाचं प्रमाण, पाहा. पहिल्या श्रेणीच्या साबणात ते निदान ७६ टक्के असतं. ‘बाथिंग बार’मध्ये कमीही चालतं. कपड्यांची वडी अंगाला कधीच लावू नका.

आणि तान्ह्या बाळाची झबली, दुपटी कशानेही धुवा, पण पावडरचा चमचा वाढवण्यापेक्षा खळबळायला एक पाणी जास्त घ्या.