आधी आभाळ बघ, मग पंप उचल

अगं, टोमॅटोची तारकाठी झाली, फुलं लागली, आणि आता आभाळ भरून आलं की तुझ्या पोटात गोळा येतो, हो ना? फोनवर ढगाचं चित्र दिसलं की पंप, सर पडून गेली की परत पंप. खरं सांगू का, यात औषध संपतं आणि कंबर मोडते. करपा मात्र यायचा तेव्हा येतोच.

कारण बघ, करपा नुसत्या पावसाने येत नाही. पान किती वेळ ओलं राहतं, त्यावर सगळं आहे. उशिराचा करपा गार हवेतला. रात्री 24 अंशांच्या खाली, हवेत 90 टक्क्यांवर ओलावा आणि दहा-बारा तास न वाळलेलं पान, एवढं मिळालं की त्याचं फावतं. आपल्या जुन्नर-नारायणगावकडे भाद्रपदात असे दिवस नेहमीचेच. म्हणून अंदाजात पाऊस शून्य दिसला तरी रात्रीचं तापमान, आर्द्रता आणि ढगही बघायचे. उलट दुपारी एक सर येऊन लख्ख ऊन पडलं, तर पान लगेच वाळतं. तेव्हा चहा पी.

मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध पानावर बसून बुरशी रुजू देत नाही. एकदा ती आत शिरली की ते काही करू शकत नाही गं. म्हणून झड लागणार असेल तर पावसाच्या आधी फवार, नंतर नाही. सकाळचं दव उतरू दे, आणि फवारल्यावर चार-पाच तासांची उघडीप मिळेल असा दिवस धर. डाग दिसायला लागलेच, तर सायमोक्सॅनिल आणि मॅन्कोझेबचं जोडऔषध माग. पण दर वेळी तेच नको, बुरशी सरावते.

अंदाज कुठला बघायचा? हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत अ‍ॅपवर मराठीतही मिळतो. पुढच्या पाच दिवसांचं त्यात असतं. उद्या-परवाचं मनावर घे. पाचव्या दिवसाचं म्हणजे पाहुण्यांचा निरोप, येतील तर येतील. आणि अंदाज तालुक्याचा असतो, तुझ्या बांधाचा नाही. उभ्या कडांचा डबा रानात मोकळ्यावर ठेव, पाऊस थांबला की पट्टीने मोज. 25 मिलिमीटरच्या वर पाणी भरलं, तर औषध बरंचसं धुऊन गेलं असं धर आणि पुढच्या उघडिपीची वाट बघ.

काकडीवरच्या भुरीला मात्र हा ओल्या पानाचा हिशेब लावू नकोस. तिला ओलं पान लागत नाही, कोरड्या हवेतही ती पसरते.

वारा ताशी 15 किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर पंप खाली. मी एकदा हट्टाने फवारलं, तर निम्मं औषध माझ्याच पदरावर. सासूबाई कितीतरी दिवस म्हणायच्या, 'हिला आता करपा होत नाही!' तू तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालूनच जा. आणि तोडा जवळ आला असेल, तर पाकिटावर काढणीआधी किती दिवस थांबायला सांगितलंय ते बघितल्याशिवाय झाकण उघडू नकोस.

शुक्रवारचा सल्ला आलेला असेल बघ. दुकानात जायच्या आधी तो वाच.